'ऑल अ‍ॅट वन्स' म्हणजे दर वेळी 'अचानक' नव्हे: चूक कुठून येते आणि कशी थांबवायची

सांगलीत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवते. बॅच कुठलीही असो, एक चूक हटकून येते. उताऱ्यात 'ऑल अ‍ॅट वन्स' दिसलं की वहीत 'अचानक' उतरतं. वाक्य कशाबद्दल आहे, कोण कुणाला बोलतंय, याकडे लक्षच जात नाही. समजावून सांगितलं की त्या दिवशी सगळ्यांना पटतं आणि पुढच्या सराव परीक्षेत पुन्हा तेच. म्हणून ही चूक कुठून येते, ओळखायची कशी आणि परत येऊ नये म्हणून काय करायचं, हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

लक्षणं

चुकीचं एक रूप उघड असतं. 'डोन्ट स्पेंड द मनी ऑल अ‍ॅट वन्स' या वाक्याचं भाषांतर 'पैसे अचानक खर्च करू नका' असं केलेलं असतं. वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. सांगणाऱ्याला म्हणायचं होतं, 'सगळे पैसे एकदम उडवू नका, पुरवून वापरा.' ऑनलाइन अर्जाच्या सूचना यंत्राकडून मराठीत करून घेतल्या की तिथेही असंच होऊ शकतं: 'कागदपत्रे अचानक सादर करण्याची आवश्यकता नाही.' मूळ सूचना एवढीच असते की सगळी कागदपत्रं एकाच वेळी जोडली नाहीत तरी चालेल, जशी हातात येतील तशी जोडा. ज्याचा उत्पन्नाचा दाखला अजून तहसीलमधून यायचाय, त्याला नेमकी हीच सूचना नीट कळायला हवी. ती न कळल्यानं तो बाकीची कागदपत्रंही न जोडता दाखल्याची वाट बघत बसतो आणि शेवटची तारीख जवळ येते.

दुसरं रूप जास्त त्रासाचं, कारण ते लपून राहतं. 'द गेस्ट्स अराइव्ह्ड ऑल अ‍ॅट वन्स' याचं 'पाहुणे अचानक आले' असं केलं तर मराठी वाक्य म्हणून त्यात काही खोट दिसत नाही. पण उतारा लग्नाचा आहे. पत्रिका वाटून झाल्यात, पाहुणे येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते सगळे एकाच वेळी येऊन थडकले, म्हणून पहिल्या पंगतीला जागा पुरली नाही. पुढे प्रश्न येतो की गोंधळ का झाला, आणि मुलं लिहितात, 'पाहुणे येणार याची कल्पना नव्हती.' शब्द एकच चुकला, पण त्याच्यावर उभं असलेलं पुढचं उत्तरही गेलं.

मराठीतून इंग्रजीत जाताना हीच चूक उलटी होते. 'एकदम' दिसलं की कुणी 'सडनली' लिहितं, कुणी 'अ‍ॅट वन्स' लिहितं, आणि 'एकदम भारी'चं काय करायचं हे कळेनासं झालं की वाक्यच सोडून दिलं जातं.

मूळ कुठे आहे

परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकांत वाक्प्रचारांच्या याद्या असतात. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे एका शब्दात अर्थ. तिथे 'ऑल अ‍ॅट वन्स' समोर बहुतेक वेळा 'सडनली' एवढंच लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. कुठलाही बऱ्यापैकी इंग्रजी शब्दकोश उघडला तर दोन अर्थ दिलेले दिसतात: एक, काही चाहूल न देता, अचानक; दोन, सगळं एकाच वेळी, एका झटक्यात. याद्या पाठ करणाऱ्याच्या डोक्यात पहिला अर्थ पक्का बसतो आणि दुसऱ्याला शिरायला जागा राहत नाही.

खरं तर हे दोन्ही अर्थ आपण रोज एकाच शब्दात वापरतो. 'एकदम पाऊस आला' म्हणजे अचानक आला. 'सगळे एकदम बोलू नका' म्हणजे एकाच वेळी बोलू नका. कुणीही मराठी माणूस या दोन वाक्यांत गोंधळत नाही. 'एकदम' फारसीतून आलाय. दम म्हणजे श्वास, एकदम म्हणजे एका श्वासात. इंग्रजी 'वन्स'च्या मुळाशीही 'एक'च आहे. एकाच क्षणात काही घडलं की त्याच्याकडे दोन बाजूंनी बघता येतं. बघणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर त्याला सावरायला वेळ मिळाला नाही, म्हणजे ते अचानक झालं. घडणाऱ्या गोष्टींच्या बाजूनं बघितलं तर त्यातलं काही मागे राहिलं नाही, म्हणजे ते सगळं एकाच वेळी झालं. दोन्ही भाषांनी या दोन बाजूंसाठी एकच शब्द ठेवला, आणि वाचणारा संदर्भावरून कुठली बाजू आहे ते ओळखेल असं धरलं.

म्हणून पहिला उपाय अगदी सोपा आहे. 'ऑल अ‍ॅट वन्स' दिसलं की 'अचानक' लिहायच्या आधी मनात 'एकदम' ठेवा. वाक्य जवळजवळ नेहमी चालतं. मग स्वतःलाच विचारा की हा 'एकदम' कुठला. हा प्रश्न मराठीतला आहे, आणि मराठीत तुम्ही चुकत नाही.

उलट काय झालं असतं?

'एकदम' कुठला हे ठरत नसेल तर त्याच्या विरुद्ध काय झालं असतं ते बघा. 'एकेक करून', 'हप्त्याहप्त्यानं', 'टप्प्याटप्प्यानं' हे विरुद्ध म्हणून बसत असेल तर अर्थ 'एकाच वेळी'. 'आधी चाहूल लागली होती', 'कल्पना होती' हे विरुद्ध बसत असेल तर अर्थ 'अचानक'. इथे 'हळूहळू' हा शब्द मात्र वापरू नका. तो दोन्हीच्या विरुद्ध जातो, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. मुलं सगळ्यात आधी तोच शब्द घेतात आणि तिथेच अडकतात.

ही पद्धत शिकवताना मी डीपीचं, म्हणजे शेतातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं उदाहरण घेते, कारण समोर बसलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी ते शेतात बघितलेलं असतं. थ्री फेज लाईट पाळीनं येते. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला अंधारात कोण जाणार, म्हणून लोकांनी ऑटोस्विच बसवलेले असतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एका डीपीवर शेजारपाजारच्या किती तरी मोटारी असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना ऑटोस्विच असतो. थेट सुरू होणारी मोटार उचल घेताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. एकटी मोटार असली तर डीपी ते सोसतो. सगळ्यांनी एकाच क्षणी उचल घेतली की फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो, आणि मग तो बदलून येईपर्यंत उभं पीक वाळत बसतं. महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा म्हणून परत परत सांगतं ते याचमुळे.

आता हे इंग्रजीत: 'द पॉवर केम बॅक, द पम्प्स स्टार्टेड ऑल अ‍ॅट वन्स, अँड ऑल अ‍ॅट वन्स द फ्यूज ब्ल्यू.' एकाच वाक्यात तोच शब्दसमूह दोनदा आलाय आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा आहे. मोटारी 'ऑल अ‍ॅट वन्स' सुरू झाल्या, याच्या विरुद्ध काय? एकेक करून सुरू झाल्या असत्या. म्हणजे इथे 'सगळ्या एकाच वेळी'. आणि फ्यूज? हे वाक्य एका फ्यूजबद्दल आहे, तो एकेक करून उडू शकत नाही. त्याच्या विरुद्ध म्हणजे काहीतरी चाहूल लागली असती, वास आला असता, लाईट मिणमिणली असती. तसं काही झालं नाही, म्हणजे इथे 'अचानक'. हे वाक्य फळ्यावर लिहून दोन्ही जागांना प्रश्न विचारायला लावला की डोक्यातली यादी हलते.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. 'एकाच वेळी' या अर्थाला एकाहून जास्त गोष्टी लागतात, किंवा जिचे भाग पडतात अशी एक गोष्ट लागते: पैसे, भाकरी, काम, कर्ज. विषय एकच आणि अखंड असेल, बस थांबली, दार उघडलं, फ्यूज उडाला, तर अर्थ 'अचानक'च.

दोन अर्थ वेगळे करून बघायला

साताऱ्याच्या मुलांसाठी कासचं उदाहरण चपखल बसतं. कासच्या पठारावर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलं असतात, पण सगळी एका दिवशी उमलत नाहीत. एक जात ओसरते, दुसरी वर येते, आणि आज गेलेल्याला दिसलेला रंग पंधरा दिवसांनी गेलेल्याला दिसत नाही. 'द फ्लॉवर्स डू नॉट ब्लूम ऑल अ‍ॅट वन्स.' कारवीचं वेगळं. टोपली कारवी सात-आठ वर्षं नुसती हिरवी राहते आणि मग ठरल्या हंगामात सगळी झुडपं मिळून फुलतात. तिच्याबद्दल 'द कारवी ब्लूम्स ऑल अ‍ॅट वन्स' म्हणता येतं. यात अचानक काहीच नाही. कारवी कुठल्या वर्षी फुलणार हे जाणकार आधीच सांगतात. एकाच वेळी आहे, पण अनपेक्षित नाही.

याच्या उलट टोक म्हणजे पसरणी घाटातलं धुकं. वाईहून वर चढताना वळण संपतं आणि समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. 'ऑल अ‍ॅट वन्स द फॉग केम डाउन.' इथे मोजायला काही नाही, फक्त चाहूल न लागणं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला त्याबद्दल लिहायचं तरी हाच अर्थ: 'ऑल अ‍ॅट वन्स द ग्राउंड शूक.'

जिथे दोन्ही अर्थ बसतात तिथे हा शब्दच नको

आपल्या भागात जपायची जागा ही आहे. 'द गेट्स ऑफ द डॅम वेअर ओपन्ड ऑल अ‍ॅट वन्स.' कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत. या वाक्याचा एक अर्थ, सहाही दरवाजे एकाच वेळी उचलले. दुसरा अर्थ, कुणाला न कळवता अचानक उचलले. पहिली झाली माहिती. दुसरा झाला आरोप, आणि नदीकाठच्या माणसासाठी घबराट. उलट प्रश्न लावला तरी सुटत नाही, कारण 'एकेक करून' हेही बसतं आणि 'आधी कळवून' हेही बसतं. त्यात वाक्याच्या शेवटी आलाय म्हणून 'एकाच वेळी' असं धरावं (जागेची ही खूण पुढे दिलीय), तर मराठी करणारा यादी पाठ केलेला असतो आणि 'अचानक' लिहून पुढे पाठवतो.

पुराची बातमी कशी सांगितली जाते ते सांगलीकराला ठाऊक आहे. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी किती फूट आहे हे आपण दर तासाला विचारतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची पातळी, आणि २०१९ ला तर पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा दिवसांत घर सोडायचं की माळ्यावर सामान चढवायचं हे लोक फोनवर आलेल्या दोन ओळींवर ठरवतात. तिथे शब्द दोन्हीकडे वळता कामा नये. इंग्रजीत लिहायचं असेल तर 'ऑल सिक्स गेट्स वेअर रेज्ड अ‍ॅट द सेम टाइम' असं लिहा आणि किती फूट उचलले ते जोडा. न कळवता सोडलं असं म्हणायचं असेल आणि तशी खात्री असेल तर 'विदाउट वॉर्निंग' लिहा. आणि कुणी पाठवलेल्या इंग्रजी निरोपात 'ऑल अ‍ॅट वन्स' दिसलं तर मराठी करायच्या आधी मूळ प्रसिद्धीपत्रक शोधा. दरवाजे किती आणि विसर्ग किती क्युसेक, हे त्यात दिलेलं असतं.

'ऑल' पडला तर मागणीच बदलते

'अ‍ॅट वन्स' आणि 'ऑल अ‍ॅट वन्स' हे एकच आहेत असं पुष्कळांना वाटतं. 'अ‍ॅट वन्स' चा पहिला अर्थ 'ताबडतोब'. 'कम अ‍ॅट वन्स' म्हणजे लगेच ये. त्याला 'एकाच वेळी' असाही अर्थ आहे, 'टू थिंग्ज अ‍ॅट वन्स' म्हणजे दोन कामं एकाच वेळी. पण 'अचानक' हा अर्थ त्याला नाही, आणि 'ताबडतोब' हा अर्थ 'ऑल अ‍ॅट वन्स'ला नाही.

वाळवा तालुक्यातल्या एका मुलीनं शेतकऱ्यांच्या प्रश्नावरच्या निबंधात लिहिलं होतं: 'द फार्मर्स डिमांड दॅट द एफआरपी बी पेड अ‍ॅट वन्स.' एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा, सरकारनं ठरवलेला किमान दर. घरचा ऊस, त्यामुळे विषय तिच्या अंगातला. तिला जवळ बोलावून विचारलं, "तुला काय म्हणायचंय?"

"एकरकमी एफआरपी पाहिजे, मॅडम."

"हे वाचून मला कळतंय, एफआरपी ताबडतोब द्या. उद्या पहिला हप्ता दिला आणि राहिलेले हंगाम संपल्यावर दिले, तरी कारखाना म्हणेल की आम्ही लगेच द्यायला सुरुवात केली."

"मग 'ऑल' घालू?"

"घाल आणि वाचून बघ."

तिनं वाचलं: 'बी पेड ऑल अ‍ॅट वन्स.' आता हप्ते पाडता येत नव्हते. पण ती थांबली. "मॅडम, आता १४ दिवसांचं गेलं की यातनं."

तिचं अगदी खरं होतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. ही वेळेची बाब झाली. एकरकमी की टप्प्याटप्प्यानं, हे भांडण निराळं. २०२२ मध्ये राज्य सरकारनं दोन टप्प्यांचा निर्णय काढला आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. मराठीत आंदोलनवाले दोन्ही मागण्या वेगळ्या शब्दांत करतात, एक 'एकरकमी', दुसरी 'चौदा दिवसांत'. इंग्रजीतही त्या दोन ठिकाणीच लिहायला हव्यात. शेवटी तिनं वाक्य केलं: 'इन अ सिंगल इन्स्टॉलमेंट, विदिन फोर्टीन डेज.' निबंधात, अर्जात, निवेदनात पैशाबद्दल लिहायचं असेल तर हेच जास्त चांगलं. 'ऑल अ‍ॅट वन्स' हे बोलण्याला जवळचं आहे; कागदावर 'इन अ सिंगल इन्स्टॉलमेंट' किंवा 'इन अ लम्प सम' वजनदार ठरतं आणि त्यातून दुसरा अर्थ निघत नाही.

वाक्यातली जागा आणि क्रियापद

उलट प्रश्नाइतकी ही खूण भरवशाची नाही, पण वेळ कमी असेल तर उपयोगी पडते. वाक्याच्या सुरुवातीला 'ऑल अ‍ॅट वन्स' असेल, पुढे भूतकाळातलं क्रियापद असेल, म्हणजे गोष्ट सांगितली जात असेल, तर बहुतेक वेळा 'अचानक'. वाक्याच्या शेवटी, क्रियापद किंवा कर्म होऊन गेल्यावर आलं असेल तर बहुतेक वेळा 'सगळं एकाच वेळी'. सुरुवातीला आल्यावर पुढे स्वल्पविराम असतो किंवा नसतो, त्यावरून काही ठरवू नका.

आज्ञा किंवा सल्ला असेल तर 'अचानक' जवळजवळ बादच. कुणाला 'अचानक खा' किंवा 'अचानक खाऊ नको' असं आपण सांगत नाही. 'डोन्ट ईट इट ऑल अ‍ॅट वन्स' म्हणजे एकदम सगळं संपवू नको. 'यू डोन्ट हॅव टु लर्न इट ऑल अ‍ॅट वन्स' म्हणजे एका दमात सगळं शिकायला हवं असं नाही.

औषधाच्या कागदावर मात्र थोडं थांबून वाचा. 'डू नॉट स्टॉप द मेडिसिन ऑल अ‍ॅट वन्स' असं असेल तर अर्थ 'एकदम बंद करू नका'. स्टेरॉइडच्या, फिटच्या, काही ब्लडप्रेशरच्या गोळ्या डॉक्टर कमी कमी करत थांबवतात. इथे विरुद्ध काय, तर टप्प्याटप्प्यानं. म्हणजे हा दुसऱ्या अर्थाचाच 'एकदम' आहे. मराठीत तो शब्द तसाच ठेवा, त्याचं 'अचानक' करायची गरज नाही आणि 'एकाच वेळी बंद करू नका' केलं तर रुग्णाला वाटेल की दोन औषधांबद्दल बोलतायत. आणि 'डू नॉट टेक टू डोसेस अ‍ॅट वन्स' म्हणजे एक डोस चुकला म्हणून दोन डोस एकाच वेळी घेऊ नका. इथे 'ताबडतोब' केलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भलताच अर्थ जाईल. घरात कुणी इंग्रजी वाचणारं असेल तर या दोन ओळी तरी त्यानं आजी-आजोबांना नीट वाचून दाखवाव्यात.

मराठीतून इंग्रजीत जाताना

आपला 'एकदम' 'ऑल अ‍ॅट वन्स'पेक्षा मोठा आहे. 'एकदम भारी', 'एकदम कडक', 'एकदम बरोबर', 'एकदम नवीन' यांतला 'एकदम' म्हणजे 'अगदी, पूर्णपणे'. त्याला ना वेळेशी देणंघेणं, ना संख्येशी. तिथे 'ऑल अ‍ॅट वन्स' कधीच चालत नाही आणि 'सडनली'ही नाही. 'अ‍ॅब्सोल्यूटली राइट', 'ब्रँड न्यू', नाहीतर साधं 'व्हेरी'. 'एकदम सरळ जा' असेल तर 'गो स्ट्रेट अहेड'.

बाकी शब्दांत मराठीनं आधीच निवड करून ठेवलेली असते, त्याचा फायदा घ्या. 'अचानक', 'एकाएकी', 'अवचित' दिसलं तर 'सडनली' किंवा 'ऑल ऑफ अ सडन'. 'एकाच वेळी', किंवा आपल्याकडे बोलतात तसं 'एका टायमाला', असेल तर 'अ‍ॅट द सेम टाइम'. शासकीय लिखाणात 'सायमल्टेनियसली'. 'एकरकमी'चं वर आलंच. 'एका दमात' असेल तर 'इन वन गो'. फक्त 'एकदम' असेल तेव्हाच 'ऑल अ‍ॅट वन्स'चा विचार करा, तोही उलट प्रश्न विचारून झाल्यावर. 'अ‍ॅट द सेम टाइम'ला 'तरीही, त्याचबरोबर' असाही अर्थ आहे, तेवढं लक्षात असू द्या: 'ही इज स्ट्रिक्ट, अ‍ॅट द सेम टाइम, ही इज काइंड' यात कुणी एका क्षणी दोन गोष्टी करत नाही.

लिहिताना होणाऱ्या बारीक चुका

'ऑल ऑफ अ सडन'मधला 'अ' गाळू नका आणि शेवटी 'सडनली' लिहू नका. 'वन्स'चं स्पेलिंग ओ-एन-सी-ई. घाईत ते ओ-एन-ई-एस होतं आणि त्याचा अर्थच बदलतो. 'सडनली ऑल अ‍ॅट वन्स' असं दोन्ही लागोपाठ लिहिलेलं मला वहीत दिसतं, एकच पुरे. 'वन्स अँड फॉर ऑल'मध्येही 'वन्स' आणि 'ऑल' आहेत, पण त्याचा अर्थ 'कायमचं, एकदाचं' असा आहे आणि त्याचा या विषयाशी संबंध नाही. पर्यायांत तो मुद्दाम शेजारी ठेवलेला असतो.

एवढं करूनही अडलं तर

सगळ्यात अवघड वाक्यात फक्त एक शब्द इकडचा तिकडे झालाय, म्हणून ते साधं दिसतं: 'दे ऑल केम अ‍ॅट वन्स.' इथे 'ऑल' हा 'दे'ला चिकटलाय, 'ते सगळे'. मागे उरतो नुसता 'अ‍ॅट वन्स', म्हणून 'ते सगळे ताबडतोब आले' आणि 'ते सगळे एकाच वेळी आले' हे दोन्ही अर्थ निघतात. 'दे केम ऑल अ‍ॅट वन्स' केलं की 'ताबडतोब' गळून पडतो. अशा वाक्यात उत्तर त्या वाक्यात शोधू नका, आधीच्या वाक्यात शोधा. आधी हाक मारल्याचा, निरोप गेल्याचा, फोन केल्याचा उल्लेख असेल तर 'ताबडतोब'. आधी गर्दीचा, दाराशी झालेल्या चेंगराचेंगरीचा, अपुऱ्या खुर्च्यांचा उल्लेख असेल तर 'एकाच वेळी'.

बहुपर्यायी प्रश्नात 'सडनली' आणि 'सायमल्टेनियसली' हे दोन्ही पर्याय असतील आणि वाक्य असं असेल: 'ऑल अ‍ॅट वन्स, द चिल्ड्रन बिगॅन टु शाउट.' मुलं पुष्कळ आहेत, म्हणून 'एकाच वेळी' बसतंय असं वाटेल. पण वाक्प्रचार सुरुवातीला आहे, क्रियापद 'बिगॅन' आहे, म्हणजे शांततेतून आवाजाकडे झालेला बदल सांगितलाय. विरुद्ध काय झालं असतं? आधी कुजबुज वाढली असती, मग आरडाओरडा. म्हणून 'सडनली'. तेच वाक्य 'द चिल्ड्रन वेअर शाउटिंग ऑल अ‍ॅट वन्स' असं आलं तर सुरुवातीचा क्षण गेला, ओरडणं चालूच आहे. विरुद्ध म्हणजे एकेकानं बोलणं, म्हणून 'सायमल्टेनियसली'. ही दोन वाक्यं वहीत समोरासमोर लिहा, शेजारी मराठीत 'मुलं एकदम ओरडायला लागली' आणि 'मुलं एकदम ओरडत होती' असं लिहा, आणि पुढच्या सराव परीक्षेआधी तेवढंच पान उघडा.